पूर, परदेशी पैसा आणि 'नवोपक्रम' नावाचा रकाना

प्रश्न असा आहे: "शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या गावात आमचं तरुण मंडळ आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आम्ही मदत वाटली. गावातले एक जण जर्मनीत असतात. त्यांच्या ओळखीची तिथली संस्था सहा-सात लाख द्यायला तयार आहे, पण अर्जात 'यात नवोपक्रम काय?' असा रकाना आहे. पूरग्रस्तांसाठी ॲप आणि प्रत्येक घराला एक किट असं लिहावं म्हणतोय. बरोबर आहे का? आणि एवढी आंतरराष्ट्रीय मदत येते ती खरंच पोचते, का मधेच जिरते?"

आधी मी कुठून बोलते ते सांगते. मी कोल्हापूरची, शुक्रवार पेठेत वाढलेली, म्हणजे पुराचं पाणी पायरीवर बघत मोठी झालेली. १९९३ च्या भूकंपानंतर विद्यार्थिनी म्हणून किल्लारीला गेले आणि या कामात अडकले ती अडकलेच. नंतर भूज, त्सुनामीनंतर नागपट्टिणम, २०१८ मध्ये बांगलादेशात कॉक्स बाजारला, म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांच्या छावण्या. काम बहुतेक ठिकाणी एकच, गोदाम. काय आलं, कुठं ठेवलं, कोणाला गेलं, काय कुजलं. भाषणं करणारे वेगळे, मी पावत्या फाडणारी. माझं उत्तर गोदामाच्या दारातून जेवढं दिसतं तेवढंच आहे.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. त्यात ॲप आहे, किट आहे, रकाना आहे. पुरात तुमच्या गावाला नेमकं काय कमी पडलं, ते मात्र कुठंच नाही. तुमची चूक नाही. अर्जच असा असतो की माणूस देणाऱ्याच्या डोक्याने विचार करायला लागतो.

२०१९ ला हायवेवरचं पाणी उतरलं आणि मुंबई-पुण्याकडून ट्रक सुरू झाले, तेव्हा मी एका मंगल कार्यालयात कपडे निवडायला बसले होते. हॉल छताला टेकेल एवढा ढीग. त्यात एक शेरवानी निघाली, मोजड्यांसकट. देणाऱ्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही, पण त्याच वेळी काठच्या गावातले लोक काय मागत होते? खोरी, घमेली, खराटे, फिनेल. बुडालेल्या मोटरी रिवायंडिंगला न्यायला टेम्पो. आणि सगळ्यात आधी वैरण. ऊस पाण्याखाली, म्हणजे वाडं (उसाचे हिरवे शेंडे) नाही. कडब्याची गंज वाहून गेलेली. म्हशी जगल्या होत्या आणि त्यांना घालायला काही नव्हतं. कपड्यांच्या ढिगाखाली मला पेंडीचं एक पोतं सापडलं नाही.

नागपट्टिणमला हेच पाहिलं होतं. जुने कपडे कोळ्यांनी रस्त्याकडेला टाकून दिले, कारण ते त्यांना अपमानाचं वाटलं. मग होड्यांची लाट आली. होडी फोटोत छान दिसते, त्यामुळे प्रत्येक संस्थेला होडीच द्यायची होती. काही गावांत आधी होत्या त्यापेक्षा जास्त होड्या झाल्या, आणि दुसऱ्याच्या होडीवर मजुरीने जाणारा माणूस किंवा मासळी विकणारी बाई यादीत आलीच नाही. नुकसान म्हणजे होडी, असं आधीच ठरलेलं होतं.

तेव्हा तुमचा खरा प्रश्न 'काय द्यायचं' हा नाही. काय लागतं हे कोण ठरवणार, आणि ते वेळेत कसं पोचणार, हा आहे. ज्या नव्या गोष्टी या क्षेत्रात खरंच टिकल्या, त्या सगळ्यांनी एकच केलं असं मला इतक्या वर्षांत दिसलंय. तज्ज्ञाच्या हातातलं काम काढून त्यांनी ते अडचणीतल्या माणसाच्या हातात दिलं. ज्यांनी उलटं केलं त्या गोदामात पडून राहिल्या.

उदाहरण आपल्याच देशातलं घेऊ. १९७१ ला पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आले. बंगालमध्ये बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपत आलेलं, दवाखान्यात जमिनीवर माणसं. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधल्या, पाण्यात कालवून ड्रमात भरल्या आणि रुग्णाच्या नातेवाइकांच्या हातात पेला दिला. पाजत राहा, एवढंच सांगितलं. दवाखान्यातलं मृत्यूचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. हे द्रावण काम करतं हे प्रयोगशाळेत आधीच कळलेलं होतं. बनगावला नवं होतं ते एवढंच, की सुई टोचणाऱ्या डॉक्टरची जागा पेला धरणाऱ्या आईने घेतली. बऱ्याच तज्ज्ञांना ते तेव्हा धोक्याचं वाटलं होतं. आज जगातल्या प्रत्येक मदत छावणीत ओआरएसची पुडी असते. महालनाबीस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण मरणोत्तर मिळालं.

असंच दुसरं म्हणजे कुपोषित मुलांना देतात ती शेंगदाण्याची पेस्ट. १९९६ च्या सुमाराला फ्रान्समध्ये तयार झाली. शेंगदाणे, दूध पावडर, तेल, साखर, वरून जीवनसत्त्वं. ९२ ग्रॅमचं पाकीट, ५०० कॅलरी. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला दाण्याच्या कुटाचं कौतुक नवीन नाही, ती हसेलच. पण पाणी मिसळावं लागत नाही, चूल लागत नाही, पाकीट फोडून मूल चाटून खातं. आधी असं मूल आईसकट काही आठवडे वॉर्डात ठेवावं लागायचं आणि घरची बाकीची पोरं वाऱ्यावर. गुंतागुंत नसेल तर आता उपचार घरीच होतो.

आता किल्लारी, कारण तिथं मी दोन्ही बाजू पाहिल्या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. पुनर्वसनाला जागतिक बँकेचं कर्ज आलं. ५२ गावं नव्या जागी बसवली. इंजिनिअरांनी सरळ रेषेत रुंद रस्ते आखले, शहरातल्या वसाहतीसारखे. कागदावर देखणं. पण शेत लांब पडलं, गोठ्याला जागा नाही, बायकांना एकमेकींच्या दारात बसायला आडोसा नाही. शेकडो गावांत मात्र घरं हलवली नाहीत, आहेत तीच दुरुस्त आणि मजबूत करायची होती, आणि तिथं गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने ते काम बांधलं. सरकारी योजना घरोघर समजावायची, हप्ता मिळाला का बघायचं, भिंतीत मजबुतीचं काम खरंच झालंय का ते डोळ्यांनी तपासायचं. सुरुवातीला पदर तोंडाला लावून बसणाऱ्या बायका वर्षभरात गवंड्याशी वाद घालायला लागल्या. भूजनंतर त्यातल्याच काही जणी कच्छला जाऊन तिथल्या बायकांना शिकवून आल्या. मला विचाराल तर त्या सगळ्या खर्चिक कार्यक्रमातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ काम ते होतं. त्याला तेव्हा कोणी नवोपक्रम म्हटलं नाही.

मग किटचं काय? इथं मात्र 'परिस्थितीवर अवलंबून' असंच उत्तर आहे, आणि ते टाळाटाळीचं नाही. जगभर गेल्या वीस वर्षांतला सगळ्यात मोठा बदल म्हणजे वस्तूंऐवजी रोख पैसा देणं. तुर्कस्तानात २०१६ पासून युरोपीय संघाच्या पैशातून सीरियन निर्वासितांना दरमहा कार्डावर रक्कम मिळायला लागली, पुढे १५ लाखांहून जास्त लोकांना. लोक पैसे उडवतील, दारू पितील, ही भीती देणाऱ्यांना नेहमी वाटते. प्रत्यक्षात बहुतेक पैसा धान्य, भाडं, औषध आणि जुनं देणं यात जातो. आपल्याकडे २०१९ ला सरकारने सानुग्रह अनुदान दिलं, ग्रामीण भागात १० हजार, शहरात १५ हजार, त्यातले ५ हजार रोख हातात. त्या ५ हजारांनी जे केलं ते कुठल्याही किटने केलं नसतं, कारण एका घराला गॅसची शेगडी हवी होती, दुसऱ्याला चष्मा, तिसऱ्याला पोराची पुस्तकं.

पण नोटा चावून पोट भरत नाही. त्याच पुरात पहिले काही दिवस कोल्हापूर तुटलेलंच होतं. हायवे बंद, पेट्रोल नाही, भाजी नाही, एटीएम पाण्यात. त्या दिवसांत रोख रकमेचा उपयोग शून्य. तेव्हा भाकरी-पिठलं, पिण्याचं पाणी, मेणबत्ती, लहान मुलांचं दूध, बायकांसाठी पॅड, हेच लागतं, आणि ते तालमींनी आणि मंडळांनी पोचवलं. म्हणून माझा ढोबळ नियम असा: बाजार बंद तोवर वस्तू, बाजाराचं शटर उघडलं की पैसा. शटर उघडल्यावरही बाहेरून फुकट धान्य ओतत राहिलात तर गावातल्या किराणा दुकानदाराला तुम्ही दुसऱ्यांदा बुडवता.

कॉक्स बाजारला हे फार जवळून दिसलं. २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांवर माणसं सीमा ओलांडून आली. सुरुवातीला सगळ्यांना एकच शिधा, तांदूळ, डाळ, तेल. संध्याकाळी छावणीच्या कडेला बाजार भरायचा आणि तीच डाळ विकायला असायची. नवीन आलेले अधिकारी चिडायचे, "हे लोक मदत विकतात!" मी एका बाईला विचारलं. ती म्हणाली, रोज डाळ-भात किती खाणार, विकून सुकी मासळी आणि मिरची घेते. निम्म्या भावात विकत होती बिचारी. म्हणजे आपण पूर्ण किमतीला घेतलेली, जहाजाने आणलेली, गोदामात राखलेली डाळ तिच्यासाठी निम्म्याच मोलाची. पुढे छावणीतच दुकानं झाली, कार्डावर रक्कम, अंडी घ्या नाहीतर भाजी. तक्रारी निम्म्या तिथंच संपल्या. तिथली अजून एक चांगली गोष्ट म्हणजे गॅस. सरपणासाठी आजूबाजूचा डोंगर बोडका होत चालला होता, बायका-पोरी जंगलात लांब लांब जायच्या. २०१८ पासून सिलिंडर द्यायला लागले आणि डोंगर पुन्हा हिरवा व्हायला लागला.

यात आपण फार शिकवण्याच्या भूमिकेत जायला नको, कारण कोल्हापूरला हे जुनंच ठाऊक आहे. शाहू महाराजांनी दुष्काळात स्वस्त धान्याची दुकाने काढली होती. आणि गांधीनगरला कपडे घ्यायला जाताना किती जणांना आठवतं की ते वळीवडे, जिथं १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले? सैबेरियाच्या श्रमछावण्यांतून सुटून आलेल्या बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होत होती. वाट बघत पडलेली माणसं म्हणून नव्हे, तर एक गाव म्हणून ती पाच वर्षं जगली. म्हातारपणी ती माणसं हे 'आपलं' कोल्हापूर बघायला परत येत राहिली, आणि आज वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. किट वाटणाऱ्याच्या नावाचं स्मारक कुठं पाहिलेलं आठवत नाही.

बरं, ॲप. इथं मी जरा कडू बोलते. पुरात पहिली वीज जाते, मग मोबाइलची बॅटरी, मग टॉवर. ज्या चार दिवसांत तुमचं ॲप लागणार तेच चार दिवस ते चालणार नाही. आणि ॲप म्हणजे यादी. यादी करणं हे संगणकाचं काम नाही, ते भांडणाचं काम आहे. कोण खरा बाधित, एका घरात दोन चुली म्हणजे कुटुंब एक की दोन, भाडेकरूला द्यायचं की घरमालकाला, नदीपल्याडच्या पालावरच्या लोकांना गावचे म्हणायचं का. हे वाद पाणी यायच्या आधी, उन्हाळ्यात, चावडीवर मिटवून ठेवायचे असतात. यादी मोठ्याने वाचून दाखवा आणि भिंतीवर लावा, लोकच दुरुस्त करून देतात.

मात्र भिंतीवर नाव आणि आळी एवढंच. आधार क्रमांक, बँक खातं, आजारपण यातलं काही नाही. २०१९ आणि २०२१ ला व्हॉट्सॲपवर आधारकार्डाचे फोटो कसे फिरत होते ते तुम्हीही पाहिलं असेल. मोठ्या संस्थाही यात ठेचकाळल्या आहेत. जानेवारी २०२२ मध्ये रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि ५ लाख १५ हजारांहून जास्त लोकांची माहिती उघडी पडली, त्यात युद्धात हरवलेल्यांचे नातेवाईक होते. रोहिंग्यांची माहिती त्यांना नीट न विचारता म्यानमारपर्यंत गेली असा आरोप २०२१ मध्ये झाला. म्हणजे ज्या सरकारच्या भीतीने पळाले, त्याच्याच हातात यादी. आपल्या गावात एवढी भीषण गोष्ट होणार नाही, पण खात्यातून पैसे जाण्याएवढी नक्की होऊ शकते. जी माहिती लागत नाही ती गोळाच करू नका.

आणि एक साधी गोष्ट, जी कुठल्याही ॲपपेक्षा जास्त जीव वाचवेल. मदतीच्या प्रत्येक मेसेजला तारीख आणि वेळ घालायची सवय लावा. "अमुक मळ्यात ४० माणसं अडकली आहेत" हा मेसेज माणसं सुटून जेवून झोपली तरी दोन दिवस फिरत असतो, आणि बोट तिकडे जाते.

आता ज्या गोष्टीवर मी तुमचे पैसे लावीन ती. पूर हा भूकंप नाही. तो सांगून येतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की बातमी तासाभरात प्रत्येकाच्या मोबाइलवर असते. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे नदीचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं, की लोक स्नानाला जातात, पण काठचा शेतकरी त्याच बातमीत स्वतःच्या उंबऱ्याचा हिशेब करतो. कोल्हापुरात चढलेलं पाणी तुमच्या शिरोळला नंतर येतं. तुमच्याकडे वेळ असतो. मग लोक वेळेत का निघत नाहीत? प्रशासनाची माणसं घसा बसेपर्यंत सांगतात. याचं उत्तर गोठ्यात बांधलेलं असतं. चार म्हशी नेणार कुठं, कशात, आणि तिथं खायला काय? टेम्पोवाला पाणी चढेल तसं भाडं वाढवतो. मग माणूस म्हणतो, बघू उद्या. आणि उद्या बोट लागते, बोटीत म्हैस चढत नाही.

जगात या विचाराला आता 'आगाऊ कृती' म्हणतात. २०२० च्या जुलैमध्ये बांगलादेशात जमुना (ब्रह्मपुत्रेचं तिथलं नाव) नदीच्या काठी हे मोठ्या प्रमाणावर झालं. पुराचा अंदाज ठरलेल्या आकड्याला पोचला की कोणाची बैठक, कोणाची सही न थांबता पैसे सुटणार, असं आधीच ठरवलेलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून पैसा आला, जागतिक अन्न कार्यक्रमाने कुटुंबांना ४,५०० टका मोबाइलवर पाठवले, पाणी घरात शिरायच्या आधी. अन्न व कृषी संघटनेने काय दिलं? जनावरांचं खाद्य, आणि धान्य-बियाणं कोरडं ठेवायला पाणी न शिरणारे ड्रम. ज्यांना पैसे मिळाले त्या कुटुंबांत पुरात उपाशी राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी होतं असं नंतरच्या पाहणीत दिसलं. जनावरांच्या मदतीसाठी २००९ पासून वेगळी आंतरराष्ट्रीय मानकंही आहेत. म्हणजे वैरणीचा खर्च अर्जात लिहिताना लाजू नका.

तुमच्या गावात हे कसं बसेल? पैसे पोचवायला नवी यंत्रणा उभी करायची गरजच नाही, ती गावात आहे. दूध संस्था. कोणाकडे किती जनावरं, कोण रोज किती लिटर घालतं, हे तिच्या वहीत लिहिलेलं आहे, आणि दर दहा दिवसांनी बिल वाटायची तिला सवय आहे. पाणी ३९ फुटांवर गेलं की संस्थेमार्फत प्रत्येक जनावरामागे ठरलेली रक्कम टेम्पो आणि वैरणीसाठी सुटेल, असा ठराव करा. वरच्या गावात, जिथं जनावरं नेणार, तिथल्या माणसांशी आणि चार-पाच टेम्पोवाल्यांशी मे महिन्यात भाडं ठरवून लिहून घ्या. घटसर्प, फऱ्याच्या लसी पावसाआधी झाल्यात का बघा, कारण एका छपराखाली पन्नास गोठ्यांची जनावरं येणार आहेत.

यातली खोट मीच सांगते. ज्याच्याकडे जनावर नाही तो दूध संस्थेच्या वहीत नाही. शेतमजूर बायका, भाड्याने राहणारे, टपरीवाले. दूध संस्थेचं राजकारण असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तेव्हा दुसरी यादी बचत गटांच्या बायकांकडून करून घ्या, आणि दोन्ही याद्या एकाच सभेत वाचा. निवाऱ्याची शाळाही त्यांनाच बघायला सांगा. आंतरराष्ट्रीय मानक काय म्हणतं, तर माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक संडास. हे आकडे रवांडाच्या निर्वासितांची १९९४ मध्ये गोमाला जी वाताहत झाली, कॉलऱ्याने हजारो मेले, त्यातून आले आहेत. तुमच्या शाळेत टेपने मोजून बघा. जागा बहुधा पुरेल, संडासाला दरवाजा नसेल. बाया निवाऱ्यात का येत नाहीत याचं कारण पुष्कळदा तो दरवाजा असतो.

इथवरचं थोडक्यात, कारण पुढचं वेगळं आहे: ॲप नको, किट फक्त पहिल्या तुटलेल्या दिवसांपुरतं, मोठा हिस्सा पाणी यायच्या आधी सुटणारा, आणि याद्या उन्हाळ्यात.

'मधेच जिरते का' याचं उत्तर. चोरी होते का? होते, मी पकडलीही आहे. पण चोरीपेक्षा जास्त पैसा पायऱ्यांवर झिजतो. देणारं सरकार, मग संयुक्त राष्ट्रांची संस्था, मग मोठी परदेशी संस्था, मग देशातली, मग जिल्ह्यातली. प्रत्येक पायरीचा व्यवस्थापन खर्च साधारण सात टक्क्यांच्या आसपास धरा, वर प्रत्येकीचा स्वतःचा हिशेबनीस, स्वतःचा अहवाल. सगळाच खर्च वाया नाही, हेही सांगते. गोदामाला कुलूप लागतं आणि लसीला बर्फ लागतो. पण २०१६ मध्ये इस्तंबूलला मोठ्या देणगीदारांनी कबूल केलं होतं की २०२० पर्यंत २५ टक्के पैसा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना देऊ. तो वाटा अजून एक अंकीच आहे. जो पहिल्या तासाला पाण्यात उतरतो त्याच्या हातात शेवटचा रुपया, असा हा उलटा कारभार. चुकीची किंमतही त्यालाच. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर कॉलरा आला तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरच्या सांडपाण्यातून. हजारो माणसं मेली, आणि आपली भूमिका कबूल करायला संयुक्त राष्ट्रांना २०१६ उजाडलं.

शिवाय तो पैसा आता आटतोय. २०२३ मध्येच रोहिंग्यांचा दरमहा शिधा माणशी १२ डॉलरवरून आधी १० आणि मग ८ वर आणला होता. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि १ जुलैपासून यूएसएड ही त्यांची परदेशी मदत देणारी संस्थाच बंद झाली. जगातला सगळ्यात मोठा देणारा असा बाजूला झाल्यावर जर्मनीतल्या छोट्या संस्थेकडेही अर्जांची रांग लागणार, हे लक्षात ठेवा. हो म्हटलंय म्हणजे पैसे आले असं धरू नका.

आता कायदा, जो तुम्ही विचारला नाहीत आणि जिथं मंडळं हमखास अडकतात. परदेशी संस्थेचा पैसा घ्यायला एफसीआरए, म्हणजे परकीय योगदानाच्या कायद्याखालची नोंदणी लागते किंवा त्या कामापुरती केंद्राची पूर्वपरवानगी. मंडळाच्या साध्या खात्यावर एक युरोसुद्धा घेऊ नका. परकीय पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे 'पुण्याच्या संस्थेच्या खात्यात घेऊ आणि आमच्याकडे वळवू' हा मार्ग बंद आहे. दूध संस्थेच्या खात्यातून हे पैसे फिरवणंही त्यातच आलं, तेव्हा या पैशासाठी तिची वही यादीपुरतीच वापरा. नोंदणी असलेल्या संस्थेने स्वतः खर्च करायचा, टेम्पोवाल्याला आणि वैरणवाल्याला थेट पैसे द्यायचे, आणि तुमची पोरं राबायची, हे चालू शकतं. तुमचे जर्मनीतले गावकरी अजून भारतीय नागरिक असतील तर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय योगदानात धरत नाहीत. त्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरतात. सीएला कागद दाखवूनच पुढे जा.

आणि ज्या वर्षी पूर येणार नाही त्या वर्षी काय, हा प्रश्न देणारे विचारतीलच. निम्मी रक्कम ३९ फुटांना बांधलेली ठेवा आणि अर्जातच लिहा, की पाणी चढलं नाही तर ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच राहील. काही संस्थांना हे पटत नाही, त्यांना मार्चअखेर सगळा खर्च हवा असतो. तसं असेल तर ते पैसे न घेतलेले बरे. मी एकदा घेतले होते. मार्चमध्ये घाईघाईने घेतलेल्या ताडपत्र्या जूनपर्यंत उंदरांनी खाल्ल्या.

त्या रकान्यात काय लिहायचं? साधं लिहा: पाणी ३९ फुटांवर गेलं की कोणालाही न विचारता पैसे सुटतील, कोणाला मिळणार ते गावसभेत आधीच वाचून दाखवलेलं असेल, आणि पैशाचं काय करायचं ते घरातली बाई ठरवेल. अर्जाची मुदत तुम्ही लिहिलेली नाही, ती कळवा. अंदाजपत्रकही पाठवा. हमाली, गाडी थांबली तर त्याचं भाडं आणि शाळा परत धुऊन देण्याचा खर्च लोक धरायला विसरतात, तेवढं बघून देते.